हायपरव्हायझरची तुलना: आकड्यांच्या आधी एकदा पॅच करून बघा

प्रश्न थोडक्यात असा. तीन होस्टचा (प्रत्यक्ष सर्व्हरचा) क्लस्टर आहे, त्यावर साठेक व्हीएम म्हणजे आभासी संगणक, आणि सगळं व्हीएमवेअरवर, म्हणजे एका यंत्रावर अनेक व्हीएम चालवणाऱ्या एका हायपरव्हायझरवर. लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर आलंय. वरून विचारणा झाली आहे की प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही आणि एक्ससीपी-एनजी यांतलं सगळ्यात वेगवान कोणतं ते चाचणी घेऊन सांगा. शेवटी जाता जाता एक ओळ जोडली आहे: ‘आणि नंतर पॅचिंगचं कसं करायचं तेही.’

माझ्या मते ती शेवटची ओळच खरा प्रश्न आहे. बेंचमार्कचा तक्ता एकदा सादर होतो आणि फोल्डरमध्ये पडून राहतो. पॅच, म्हणजे दोष दुरुस्त करणारा बदल, मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी लावावा लागतो, तोही चालू कामाच्या डोक्यावर. म्हणून चाचणीचा निम्मा वेळ पॅच लावून बघण्यात, होस्ट पाडून बघण्यात आणि बॅकअप परत उभा करण्यात घाला. उरलेल्या वेळात आकडे काढा.

वेगाचा मुद्दा आधी उरकू. व्हीएम चालवायला प्रोसेसरचीच मदत मिळावी म्हणून इंटेलने २००५ साली व्हीटी-एक्स आणलं, एएमडीने २००६ साली एएमडी-व्ही. पुढच्या दोनेक वर्षांत मेमरीच्या पत्त्यांचं दुहेरी भाषांतरही (व्हीएमच्या पत्त्यापासून खऱ्या मेमरीपर्यंत) प्रोसेसर स्वतः करू लागला. त्याआधी व्हीएमवेअर बायनरी ट्रान्सलेशनची (व्हीएमच्या सूचना चालता चालता बदलण्याची) कसरत करत असे आणि झेन (एक्ससीपी-एनजीचा गाभा) व्हीएममधल्या सिस्टिमचा कर्नलच बदलायला लावत असे, त्यामुळे दोन उत्पादनांत जमीन-अस्मानाचा फरक दिसायचा. आज निव्वळ गणिती काम करणारी व्हीएम व्हीएमवेअरसकट या चारही ठिकाणी जवळपास उघड्या हार्डवेअरच्या वेगाने धावते. फरक उरतो तो डिस्क आणि नेटवर्कच्या वाटेत, आणि तिथेही तो बहुतेक वेळा तुमच्या सेटिंगचा असतो. केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्सच्या गाभ्यावर) डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने जोडली, नेटवर्क कार्ड जुन्या धाटणीचं ई१००० ठेवलं आणि शेजारी ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरवर) व्हीएमसाठीच बनलेले पीव्हीएससीएसआय आणि व्हीएमएक्सनेट३ लावले, तर निकाल आधीच ठरलेला आहे. तुलना करायची तर सगळीकडे पॅराव्हर्च्युअल, म्हणजे खास व्हीएमसाठी लिहिलेले, ड्रायव्हर हवेत: केव्हीएमवर व्हर्टआयओ, झेनवर पीव्ही ड्रायव्हर, हायपर-व्हीवर जनरेशन २ ची व्हीएम.

आता आकडे कसे फसवतात ते बघा, कारण अशा तुलनांत माती नेमकी इथेच खाल्ली जाते. एक नवीकोरी थिन डिस्क (लिहिलं तेवढीच जागा घेणारी) व्हीएमला जोडा आणि त्यावर काहीही न लिहिता एफआयओ या डिस्क मोजणाऱ्या साधनाने रँडम रीड लावा. आकडा डोळे विस्फारायला लावणारा येतो. ब्लॉक अजून वाटलेच गेलेले नसतात, त्यामुळे हायपरव्हायझर डिस्ककडे फिरकतही नाही, शून्यं भरून परत देतो. म्हणजे तुम्ही मोजली ती शून्यं वाटायची गती. याच्या उलट, त्याच डिस्कवर पहिल्यांदा लिहायला घेतलं तर आकडा पडतो, कारण प्रत्येक नव्या ब्लॉकला जागा वाटून घ्यावी लागते. म्हणून आधी पूर्ण डिस्क एकदा खऱ्या डेटाने भरून घ्या, मगच मोजायला बसा.

प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर आणखी दोन सापळे आहेत. पहिला एआरसी, म्हणजे तिचा कॅश: वाचलेला डेटा होस्टच्या रॅममध्ये राहतो आणि दुसऱ्या फेरीत तुम्ही एसएसडी नव्हे, रॅम मोजता. चाचणीची फाइल रॅमपेक्षा मोठी ठेवा किंवा चाचणीपुरती एआरसीला मर्यादा घाला. दुसरा कॉम्प्रेशन: डीडी कमांडने शून्यं लिहून ‘सेकंदाला इतके जीबी’ असं सांगणारे महाभाग अजून भेटतात. शून्यं दाबली की उरत काहीच नाही. एफआयओ वापरताना रिफिल बफर्स चालू ठेवा, म्हणजे दर वेळी नवा डेटा लिहिला जाईल.

माझी नेहमीची मांडणी साधी आहे: ४ केबीचा ब्लॉक, ७० टक्के वाचन, ३० टक्के लेखन, सगळं रँडम, डायरेक्ट आयओ (व्हीएममधला कॅश टाळून) चालू, क्यू डेप्थ (एका वेळी वाटेत असलेल्या विनंत्या) आधी १ आणि मग ३२. सुरुवातीची काही मिनिटं रॅम्प टाइम म्हणून सोडून द्यायची आणि निदान अर्धा तास चालवायचं, कारण नवी एसएसडी पहिली काही मिनिटं फारच शहाण्यासारखी वागते. निकालात सरासरी आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं) बघू नका, ९९ व्या पर्सेंटाइलची लेटन्सी, म्हणजे शंभरातल्या सर्वांत संथ विनंतीला लागणारा वेळ, बघा. डेटाबेस अडकतो तो त्या शेवटच्या एक टक्क्यात. क्यू डेप्थ १ चा आकडा कुणी सहसा देत नाही, पण डेटाबेसच्या लॉगचं लेखन जवळपास तसंच असतं, एकामागून एक. हायपरव्हायझरच्या वाटेतला खरा खर्च तिथेच उघडा पडतो.

होस्टचं कॅश सेटिंगही सारखं हवं. प्रॉक्समॉक्सवर ‘राइटबॅक’ (लेखन आधी होस्टच्या रॅममध्ये) आणि दुसरीकडे थेट लेखन अशी तुलना कुचकामी. आणि ‘अनसेफ’ नावाचा जो पर्याय आहे तो नावाला जागतो. फ्लशची, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरवायची, विनंती तो सरळ कानाआड करतो. चाचणीत तो सगळ्यांच्या पुढे जातो, वीज गेली की डेटा घेऊन जातो.

नेटवर्कचा वेग मोजायला आयपर्फ३ हे साधन वापराल. त्याची आवृत्ती बघून घ्या. ३.१६ च्या आधीच्या आवृत्त्या कितीही समांतर प्रवाह दिले तरी एकाच थ्रेडवर चालत. २५ गिगाबिटचं कार्ड असताना आकडा १५-२० च्या आसपास अडकला तर दोष हायपरव्हायझरला देण्याआधी त्या एका कोरकडे बघा.

बायॉसमधली पॉवर सेटिंग चारही चाचण्यांत एकच असू द्या. एका इन्स्टॉलेशनने प्रोसेसर पूर्ण वेगात ठेवला आणि दुसऱ्याने वीज वाचवायचं ठरवलं, एवढ्यानेही लेटन्सीत ठळक फरक पडतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एक व्हीएम मोजून काहीच कळत नाही. रिकाम्या होस्टवर एकटी व्हीएम सगळीकडेच मजेत असते. तुमच्याकडे साठ आहेत, तर होस्टमागे वीस-तीस उभ्या करा, त्यांवर मिश्र भार टाका आणि मग शेड्युलर (प्रोसेसरचा वेळ वाटणारा भाग) कसा वागतो ते बघा. व्हीसेंटरच्या (व्हीएमवेअरच्या नियंत्रण-यंत्रणेच्या) रिअल-टाइम आलेखात सीपीयू रेडी, म्हणजे व्हीएमने प्रोसेसरची वाट बघण्यात घालवलेला वेळ, मिलिसेकंदांत दिसतो आणि नमुना २० सेकंदांचा असतो, म्हणजे २,००० मिलिसेकंद म्हणजे १० टक्के. व्हीएमला अनेक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) असतील तर त्यांच्या संख्येने भागायचं. दर व्हीसीपीयूला ५ टक्क्यांच्या वर गेलं की ‘सर्व्हर आज हळू चाललाय’ असे फोन यायला लागतात. केव्हीएम आणि झेनवर हीच गोष्ट लिनक्स व्हीएमच्या आत टॉप कमांडमधल्या ‘एसटी’ या आकड्यात दिसते. हायपर-व्हीच्या होस्टवर मात्र टास्क मॅनेजर बघून अंदाज बांधू नका. तो फक्त रूट पार्टिशनचा, म्हणजे होस्टच्या स्वतःच्या विंडोजचा, हिशेब दाखवतो. बाकी होस्ट घामाघूम झालेला असला तरी तिथे शांतता असते. परफॉर्मन्स मॉनिटरमधले हायपर-व्ही हायपरव्हायझरचे काउंटर लावा.

आता एक मुद्दा, जो तुलनेच्या तक्त्यांत हमखास सुटतो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षा-दोष बाहेर आले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एल१टीएफ, २०१९ च्या मे महिन्यात एमडीएस, आणि मग रांगच लागली. एल१टीएफमध्ये एकाच कोरच्या दोन थ्रेडवर दोन वेगळ्या व्हीएम चालत असतील तर एक दुसरीचा डेटा चोरून वाचू शकते. यावर प्रत्येकाने वेगळा तोडगा काढला आणि मूळ सेटिंगही वेगळं ठेवलं. विंडोज सर्व्हर २०१९ पासून हायपर-व्ही मुळातच कोर शेड्युलर वापरतो, म्हणजे दोन वेगळ्या व्हीएमना एक कोर वाटून देत नाही. ईएसएक्सआयमध्ये साइड-चॅनल-अवेअर शेड्युलर तुम्ही स्वतः चालू करायचा असतो. झेनमध्ये कोर शेड्युलिंग आलं, पण मूळ सेटिंगमध्ये नाही. केव्हीएम एल१ कॅश पुसतो, पण हायपरथ्रेडिंग (एका कोरचे दोन थ्रेड) बंद करायचं का हे तुमच्यावर सोडतो. तेव्हा जुन्या इंटेल प्रोसेसरवर ‘अमुक इतकं वेगवान, तमुक इतकं संथ’ असा निकाल आला, तर शक्यता अशी की एकाने दार बंद ठेवलं होतं आणि दुसऱ्याने उघडं. लिनक्स होस्टवर सिस्टिम फाइल्समधल्या व्हल्नरेबिलिटीज या फोल्डरमध्ये प्रत्येक दोषापुढे सध्याची स्थिती लिहिलेली असते. ती आकड्यांसोबत नोंदवून ठेवा. तुमच्याकडच्या सगळ्या व्हीएम तुमच्याच असतील आणि आत कुणी परका नसेल, तर या दोषांचं वजन तुमच्यासाठी कमी. दुसऱ्यांच्या व्हीएम सांभाळत असाल तर तडजोड नको.

आकडे जाहीर करणार असाल तर लायसन्सचा करार वाचून घ्या. व्हीएमवेअरच्या करारात घरच्या घरी मोजायला मुभा होती, पण निकाल प्रसिद्ध करण्याआधी त्यांची मान्यता घ्यायची अट होती. चांगल्या उघड तुलना इतक्या कमी का सापडतात, त्याचं हे एक साधं कारण.

आता मूळ मुद्द्याकडे. चाचणीसाठी प्रत्येक उत्पादनाची ताजी आवृत्ती टाकू नका. मुद्दाम एक पायरी जुनी टाका, त्यावर खऱ्यासारख्या व्हीएम चालवा आणि मग चालू भारासकट नव्या आवृत्तीवर जा. हे निदान दोन होस्टवर करा, जमलं तर तीनवर. एका यंत्राच्या पोटात नेस्टेड पद्धतीने (व्हीएमच्या आत हायपरव्हायझर टाकून) तीन होस्ट उभे करूनही क्रम आणि क्वोरमची (क्लस्टरमधल्या होस्टच्या बहुमताची) रंगीत तालीम होते, फक्त त्यावरचे वेगाचे आकडे कुणाला दाखवू नका.

या तालमीत पहिलं बघायचं ते होस्ट रिकामा व्हायला लागणारा वेळ. होस्टवर ५१२ जीबी मेमरी भरलेली असेल तर १० गिगाबिटच्या तारेवरून ती हलवायला निव्वळ गणिताने सात मिनिटं लागतात, १ गिगाबिटवरून तासापेक्षा जास्त. प्रत्यक्षात आणखी, कारण व्हीएम हलत असताना तिची मेमरी बदलत राहते आणि बदललेली पानं पुन्हा पाठवावी लागतात. भरपूर लेखन करणारी डेटाबेस व्हीएम मुद्दाम हलवून बघा. शेवटच्या क्षणी ती किती वेळ थांबते ते बाहेरून मोजा, कारण थांबलेल्या व्हीएमचं घड्याळही थांबलेलं असू शकतं आणि तिच्या आतल्या लॉगमध्ये काही झालंच नाही असं दिसतं. दुसऱ्या यंत्रावरून दर १०० मिलिसेकंदांनी तिच्या टेबलात एक ओळ टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. ज्या ओळी अडकल्या तो तुमचा खरा खंड.

प्रॉक्समॉक्सवर इथेच एक खड्डा आहे. कोरोसिंक, म्हणजे क्लस्टरचे होस्ट एकमेकांशी बोलतात ती वाहिनी, बऱ्याच ठिकाणी मायग्रेशनच्याच (चालू व्हीएम हलवण्याच्या) तारेवर असते. होस्ट रिकामा करायला घेतला की मायग्रेशन ती तार भरून टाकतं, कोरोसिंकचे छोटे निरोप वेळेत पोचत नाहीत, एखाद्या होस्टला वाटतं आपण एकटे पडलो. एचए (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे उठवणारी सोय) चालू असेल तर वॉचडॉग हा पहारेकरी साधारण मिनिटभर वाट बघून त्या होस्टला रीबूट करतो. म्हणजे पॅच लावायचा होता एकाला आणि बसला दुसराच. कोरोसिंकला वेगळी तार द्या, १ गिगाबिटची चालेल, त्याला जागा नव्हे तर वेळेत उत्तर हवं असतं. दुसरी वाट राखीव म्हणून नोंदवून ठेवा. आणि तीन होस्टमधला एक पॅचसाठी खाली असताना उरलेल्या दोघांपैकी कुणीही गेला तर क्वोरम गेला, हे धरूनच वेळ निवडा.

दुसरी गोष्ट तर अनुभवी मंडळींनाही माहीत नसते. प्रॉक्समॉक्सवर क्यूईएमयूचं (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामचं) पॅकेज अपडेट केलं तरी चालू व्हीएम जुन्याच प्रोसेसमध्ये, जुन्याच दोषासकट चालत राहतात. व्हीएमच्या आतून रीबूट केलं तरी ती प्रोसेस तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते किंवा अपडेट झालेल्या होस्टवर लाइव्ह मायग्रेट करावी लागते. अपडेट करताना नुसतं एपीटी अपग्रेड नको, फुल-अपग्रेड हवं, नाहीतर नवी अवलंबनं मागणारी पॅकेजेस मागे राहतात आणि अर्धवट होस्ट तयार होतो. नवा कर्नल त्रास देत असेल तर प्रॉक्समॉक्स बूट टूलने जुना कर्नल पिन करून ठेवता येतो; हे आधी एकदा करून बघा, गरज पडेल तेव्हा शोधत बसू नका.

प्रोसेसरच्या दोषांबाबत हेच दुखणं सगळीकडे आहे. मायक्रोकोडसोबत (प्रोसेसरच्या अंतर्गत अपडेटसोबत) येणाऱ्या नव्या सीपीयू सुविधा व्हीएमला दिसायच्या तर तिचं पॉवर सायकल (पूर्ण बंद करून चालू करणं) लागतं, आतलं रीबूट पुरत नाही. ईएसएक्सआयमध्ये यासाठी एक सोय आहे: व्हीएमएक्स रीबूट पॉवरसायकल हे सेटिंग ‘ट्रू’ केलं की पुढच्या साध्या रीबूटचं रूपांतर पॉवर सायकलमध्ये होतं. महिन्याच्या विंडोज अपडेटसोबत हे उरकून जातं. होस्ट पॅच झाले म्हणून अहवाल हिरवा, आणि आतल्या व्हीएम वर्षभर जुन्याच सीपीयूवर, हे चित्र अजिबात दुर्मीळ नाही.

ईएसएक्सआयची जमेची बाजू म्हणजे दोन बूटबँक, सिस्टिम ठेवायच्या दोन जागा. पॅच दुसऱ्या बँकेत जातो, बिनसलं तर बूट होताना शिफ्ट आणि आर दाबून मागे जाता येतं. इतकी साधी माघार बाकी कुणाकडे नाही. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी बॅकअप सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीला चालतं का ते बघायचं, मग व्हीसेंटर, मग होस्ट, मग व्हीएमवेअर टूल्स, आणि व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती सगळ्यात शेवटी, तीही गरज असेल तरच. हायपर-व्हीवर २०१२ पासून क्लस्टर-अवेअर अपडेटिंग आहे, एकेक होस्ट आपोआप रिकामा करून अपडेट होतो, आणि विंडोज सांभाळणाऱ्याला यात नवं काही शिकावं लागत नाही. तिथे व्हीएमची कॉन्फिगरेशन आवृत्ती वाढवली की परतीचा रस्ता नाही, त्यामुळे सगळे होस्ट नव्या विंडोजवर स्थिर झाल्याशिवाय ते बटण दाबू नये. एक्ससीपी-एनजीमध्ये पूल मास्टर (क्लस्टरचा मुख्य होस्ट) आधी, बाकीचे नंतर, हा नियम मोडायचा नाही. रोलिंग पूल अपडेट तो आपोआप पाळतं. आणि चारही ठिकाणी एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या आवृत्तीकडून नवीकडे व्हीएम हलते, नवीकडून जुनीकडे हलेलच असं धरून चालू नका. क्लस्टर अर्धा जुना, अर्धा नवा असा महिनाभर ठेवणं म्हणूनच धोक्याचं.

पॅच लावायचा कधी, यावर दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जगभर हजारो ईएसएक्सआय होस्ट कुलूपबंद केले. हल्ल्याचा रस्ता म्हणून बोट दाखवलं गेलं ते ओपनएसएलपी या होस्टवरच्या सेवेतल्या दोषाकडे, सीव्हीई-२०२१-२१९७४, ज्याचा पॅच जवळपास दोन वर्षं आधी आला होता. उलट बाजूला ईएसएक्सआय ७.० अपडेट ३: ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, होस्ट कोसळण्याच्या आणि ड्रायव्हरच्या घोळाच्या तक्रारींनंतर नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये ३सी म्हणून परत आलं. त्याच जानेवारीत विंडोजच्या मासिक अपडेटने काही सर्व्हरवर हायपर-व्हीच सुरू होईना. इंटेलनेही जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरसाठीचा मायक्रोकोड वाटून झाल्यावर यंत्रं अचानक रीबूट होतात म्हणून ‘थांबा’ असं सांगितलं होतं.

म्हणजे पहिल्याच दिवशी लावणारा पोळतो आणि दोन वर्षं थांबणारा जळतो. मी सीव्हीएसएसच्या (दोषाच्या गांभीर्याच्या) आकड्यावर ठरवत नाही. मी तीन गोष्टी विचारतो. हल्लेखोराला कुठे उभं राहावं लागतं? मॅनेजमेंट नेटवर्कवर लागत असेल आणि ते तुम्ही खरोखर वेगळं ठेवलं असेल, तर आठवडाभर सवड आहे. ईएसएक्सआयआर्ग्सने गाठले ते बहुतांश इंटरनेटला उघडे असलेले होस्ट; ओपनएसएलपीचं ४२७ हे पोर्ट बाहेर दिसायचं काही कारणच नव्हतं. दुसरं, हा दोष व्हीएममधून बाहेर पडून होस्टवर शिरू देतो का? तसं असेल तर फायरवॉल कामाची नाही, पॅचच लागतो. २०१५ चा व्हेनम दोष क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता, आणि व्हीएमला फ्लॉपी जोडलेली नसली तरी तो कोड जिवंतच राहत असे. ‘आम्ही ते वापरत नाही’ हे उत्तर हायपरव्हायझरच्या बाबतीत फारसं चालत नाही ते यामुळे. तिसरं, प्रत्यक्ष वापर सुरू झालाय का? मार्च २०२५ मध्ये व्हीएमवेअरने तीन दोष एकदम जाहीर केले तेव्हा त्यांचा वापर आधीच होत होता. तिथे थांबण्यात अर्थ नसतो, त्याच आठवड्यात लावायचं.

बाकी नेहमीच्या पॅचना माझी चाल अशी: चाचणीच्या होस्टवर लगेच, काही दिवसांनी उत्पादनातल्या एका होस्टवर, त्यावर कमी महत्त्वाच्या व्हीएम ठेवून आठवडाभर, मग उरलेले. तीन होस्टच्या क्लस्टरला चाचणीचा चौथा होस्ट मागा, जुना असला तरी चालेल, पण नेटवर्क कार्ड आणि स्टोरेज कंट्रोलर त्याच मॉडेलचे हवेत. पॅचमुळे बिघडतं ते बहुतेकदा तिथेच, ड्रायव्हर आणि फर्मवेअरच्या सांध्यात.

पॅचनंतर एक पूर्ण रिस्टोअर करून बघा, नुसता बॅकअप जॉब हिरवा झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. २०१४ आणि २०१५ मध्ये ईएसएक्सआयच्या चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंगमध्ये (बॅकअपसाठी बदललेल्या ब्लॉकची यादी ठेवणाऱ्या सोयीत) असे दोष निघाले की बदललेले काही ब्लॉक यादीत येतच नव्हते. जॉब रोज यशस्वी, बॅकअप मात्र सडका. रिस्टोअर केल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

आणि एकदा पूर्ण क्लस्टर बंद करून थंड अवस्थेतून उभा करून बघा. डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा), अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (खाती आणि लॉगिन सांभाळणारी) आणि व्हीसेंटर, तिन्ही व्हीएम त्याच क्लस्टरवर असतील तर होस्टवर लॉगिन करायला लागणारी यंत्रणा होस्ट चालू झाल्यावरच उठणार. स्थानिक रूट पासवर्ड चालतो का, स्टोरेज नावाने जोडलंय की आयपीने, हे तेव्हाच कळतं. शिवाय ईएसएक्सआय डिरेक्टरीला जोडलेला असेल तर २०२४ साली उघड झालेला प्रकार ध्यानात ठेवा: ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ नावाचा गट डोमेनमध्ये तयार केला की त्यातल्या सदस्यांना होस्टवर पूर्ण अधिकार मिळत. होस्ट डोमेनला न जोडणंच बरं.

इतकं झाल्यावर निवड करायला आकडे फारसे लागत नाहीत. तुमची माणसं विंडोजची असतील आणि डेटासेंटर आवृत्तीची लायसन्स आधीच घेतलेली असतील, तर हायपर-व्ही; त्यावर वाद घालण्यात वेळ जाईल एवढंच. लिनक्सची कमांड लाइन पाहून कुणी दचकत नसेल तर प्रॉक्समॉक्स. पण आधी स्टोरेज बघा. सध्या एफसी किंवा आयस्कझीवरचं सॅन (सगळ्या होस्टना सामायिक स्टोरेज) आणि त्यावर व्हीएमएफएस (व्हीएमवेअरची फाइल सिस्टिम) असेल, तर प्रॉक्समॉक्समध्ये त्याची तंतोतंत जोडी नाही. सामायिक एलव्हीएमवर (लिनक्सच्या डिस्क-विभागणीवर) स्नॅपशॉट ९.० पर्यंत नव्हतेच, आणि २०२५ च्या त्या आवृत्तीत आले तेही प्रायोगिक म्हणून. एनएफएसने (फाइलींच्या रूपात) जागा देणारं स्टोरेज असेल तर हा प्रश्न उरत नाही. एक्ससीपी-एनजी झेनसर्व्हर (त्याचा पूर्वज) वापरलेल्यांना लगेच हाताला बसतं, पण व्हीएचडी या डिस्क-फाइलच्या स्वरूपात एका डिस्कला साधारण २ टीबीची मर्यादा आहे. तुमचा फाइल सर्व्हर त्यात मावतो का ते आधी बघा. आणि व्हीएमवेअरवरच राहायचं ठरलं तरी त्यात कमीपणा नाही, फक्त लायसन्स प्रत्येक सीपीयूमागे किमान १६ कोर धरून मोजलं जातं, तेव्हा कमी कोरचे प्रोसेसर असतील तर हिशेब तसा करा.

हलायचं ठरलं तर विंडोज व्हीएममध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर व्हीएमवेअरवर असतानाच टाकून घ्या. नाहीतर नव्या ठिकाणी निळी स्क्रीन आणि बूट डिस्क सापडत नसल्याचा निरोप मिळतो. मग पहिल्या बूटला डिस्क साटा म्हणून जोडायची, शेजारी एक छोटी रिकामी व्हर्टआयओ डिस्क लावून विंडोजला ड्रायव्हर उचलू द्यायचा आणि मगच मूळ डिस्क बदलायची. नेटवर्क कार्ड नवं दिसतं म्हणून स्थिर आयपीही जातो, तो आधी लिहून ठेवा. स्थलांतराच्या काळात तीनपैकी एक होस्ट शेवटपर्यंत जुन्या हायपरव्हायझरवर ठेवा, आणि नव्या क्लस्टरवर किमान एक पूर्ण पॅच फेरी झाल्याशिवाय तो पुसू नका.